सातव्या खांबापाशी नऊ झेब्रे

बांग फ्ली, ९ जून २००८

थोंगबाय मामा,

दोन्ही हात कपाळाला लावून नमस्कार. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि माझे पैसे मात्र पूर्ण जातात, म्हणून पत्र.

तर ऐका, तुमची भाची मोठी झाली. तुम्ही चोवीस वर्षं ज्या गोदामात घालवलीत, त्याच गोदामाची मी सुरक्षा अधिकारी झाले आहे. पांढरं हेल्मेट, गळ्यात शिट्टी आणि टेबल पंख्याजवळ. कॅन्टीनवाली अजूनही मला 'थोंगबायची कोळंबी' म्हणते. कनलया हे माझं कागदावरचं नाव तिला माहीतच नाही.

पण मामा, मी पहिल्याच आठवड्यात चक्रावले आहे. विचियेन साहेबांनी बोलावून सांगितलं, "पाच वर्षांची सुरक्षा योजना लिही. अपघात कसे कमी करत नेणार ते वर्षवार दाखव. परदेशातल्या गिऱ्हाइकाची माणसं ३१ जुलैला येणार आहेत, त्यांना द्यायची आहे."

म्हणून मी अपघातांची नोंदवही मागितली. वही आली. नवी कोरी! एकोणीस वर्षांची वही आणि एक पान मळलेलं नाही. दारावरचा फलक तुम्हाला आठवत असेलच, 'अपघाताविना दिवस'. त्यावर आज ६,९४८ आहे. ३१ जुलैला बरोब्बर सात हजार होणार. त्या दिवशी प्रत्येकाला उभा पंखा आणि सगळ्यांना दोन दिवस हुआ हिनला समुद्रावर सहल. लोक आत्तापासून पोहायचे कपडे विकत घेतायत.

आता तुम्हीच सांगा, शून्यातून काय वजा करू? काल मी कच्चा आराखडा केला. पहिलं वर्ष: शून्य अपघात. दुसरं वर्ष: शून्य अपघात. पाचव्या वर्षापर्यंत हेच. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "उत्तम. फक्त आकडे रंगीत कर." ते चेष्टा करत होते की खरंच म्हणत होते, तेही मला कळलं नाही.

तुम्ही गोदामप्रमुख होतात. तुम्ही हे शून्य कसं टिकवलंत ते लिहून कळवा, मी तेच योजनेत घालते.

मामीचा पाय काय म्हणतोय? पावसाळ्यात जास्त दुखतो ना? त्या न्हाणीघराला खडबडीत फरशी घाला म्हणून मी दरवर्षी सांगते.

तुमची,
कोळंबी

---

बान नोंग सेंग, यसोथोन
१६ जून

कोळंबे,

पत्र वाचून छाती फुगली. तुझ्या मामीला दोनदा वाचून दाखवलं. (तिला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा सापडत नाही.) आमचं पोर पांढरं हेल्मेट घालतं! गावच्या सरपंचालाही सांगितलं. त्यानं विचारलं, पगार किती. ते सांगितलं नाही.

आता कामाचं. योजना म्हणजे काही रॉकेट उडवायचं नाही. पिवळे पट्टे पुन्हा रंगव. आग विझवायच्या नळकांड्यांची तारीख बघ. सकाळी सगळ्यांना ओळीत उभं करून 'सुरक्षित!' असं तीनदा ओरडायला लाव. पावसात माल भिजू नये म्हणून तीन नंबरच्या दाराला नवी ताडपत्री. झाली पाच वर्षं. वर शेवटी लिही, 'सध्या चालू आहे तसंच चालू ठेवणे.'

शून्य कसं टिकवलं म्हणतेस? माणसं चांगली होती, झालं. उगाच खोदत बसू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एक मात्र ऐक. गोदामात देवाधर्माचं जे जिथं आहे, ते तिथंच राहू दे. नव्या अधिकाऱ्याला सगळं हलवायची खाज असते.

इथं सगळं ठीक. बदकं पंचवीस झाली. यंदाच्या मिरचीचं बी वाळवून भाताच्या विजेच्या कुकरमध्ये भरून ठेवलंय. आम्ही चिकट भात खाणारी माणसं, बांबूच्या टोपलीत वाफवणारी. त्या कुकरला दुसरं काय काम? तुझ्या मामीचा पाय नेहमीसारखाच.

मामा

---

बांग फ्ली, २४ जून

मामा,

पिवळे पट्टे रंगवले. लोक त्यावरून चालत नाहीत, कारण रंग नवा आहे आणि मळेल म्हणतात!

मी एक पेटीही लावली, 'थोडक्यात वाचलो' नावाची. कोणाच्या अंगावर काही पडता पडता राहिलं, कोणी घसरता घसरता सावरलं, तर नाव न लिहिता चिठ्ठी टाका असं सांगितलं. दहा दिवसांनी उघडली. तीन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत लिहिलंय, 'ताई फार चांगल्या आहेत.' दुसरीत, 'पपईच्या कोशिंबिरीत मिरची कमी पडते.' तिसरीत, 'आमचं सगळं ठीक आहे, तुम्ही काळजी करू नका, जेवत जा.'

याला काय म्हणायचं?

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. मी सगळं गोदाम पायी फिरले. अगदी मागे, जिथं नारळाच्या दुधाचे डबे छतापर्यंत रचलेत, तिथं सातव्या खांबापाशी चुन्याच्या मातीचे नऊ झेब्रे उभे आहेत. गळ्यात झेंडूचे हार, पुढे लाल सरबताची बाटली, तिच्यात नळी, आणि उदबत्त्या. पेटत्या उदबत्त्या, खोक्यांपासून दोन हातांवर!

झेब्रे रस्त्याच्या वाईट वळणावर ठेवतात. जिथं माणूस गेलेला असतो तिथं. येणारा-जाणारा ड्रायव्हर हॉर्न वाजवून त्याला सलाम करतो आणि पुढे जातो, तिथल्या आत्म्यानं आणखी कोणाला ओढून नेऊ नये म्हणून. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण गोदामात? आणि तेही एकोणीस वर्षं कोणाला ओरखडाही आला नाही अशा गोदामात?

मी झाडलोट करणाऱ्या उबोन मावशींना विचारलं. त्या गोड हसल्या. "काही नाही गं बाई, शोभेला." फोर्कलिफ्टवाल्या प्रासितला विचारलं. तो म्हणाला, "ताई, झेब्रा दिसायला छान असतो." मामा, सगळे इतकं गोड हसतात की मला घाम फुटतो.

तुम्ही तिथंच होतात. सातव्या खांबाशी काय झालं होतं?

तसंही ते मी हलवणार आहे. आगीचा धोका आहे, आणि गिऱ्हाइकाची माणसं बघतील तर काय म्हणतील? १ जुलैपासून गोदामात हार, उदबत्ती, मूर्ती बंद, अशी नोटीस लावली आहे. बाहेरच्या देवघराला हात लावत नाही, घाबरू नका.

कोळंबी

---

बान नोंग सेंग, ३० जून

कोळंबे,

घाईत लिहितोय. पोस्टमन बांधावर उभा आहे आणि बदकं त्याच्या मागे लागलीत.

सातव्या खांबाशी कोणीही मेलेलं नाही. बुद्धाची शपथ घेऊन सांगतो. कोणाला तरी स्वप्न पडलं, त्यानं एक ठेवला, मग बघून दुसऱ्यानं. लोकांचं असंच असतं. नऊ झाले म्हणतेस? मी निघालो तेव्हा सहा होते.

उदबत्ती बंद कर, हरकत नाही. झेब्रे राहू देत. मी मोठा आहे म्हणून सांगतोय, कारण विचारू नकोस.

पावसाची वाट बघतोय.

मामा

---

बांग फ्ली, ८ जुलै

मामा,

तुमचं पत्र ३ तारखेला पोहोचलं. झेब्रे मी १ तारखेलाच उचलले होते. पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून माझ्या टेबलाखाली ठेवले.

शनिवारी, ५ तारखेला, दुपारच्या जेवणाआधी उबोन मावशींना फोर्कलिफ्टची धडक बसली. सातव्या खांबाच्या वळणावर.

मी शिट्टी वाजवत धावले. शिट्टी का वाजवत होते ते मला माहीत नाही. मावशी खाली बसल्या होत्या, हातात झाडू तसाच, आणि चेहऱ्यावर तेच हसू. "लागलं नाही गं," म्हणत होत्या. पावलाची तीन हाडं मोडली आहेत मामा. चप्पल कापून काढावी लागली.

प्रासित भिंतीला टेकून रडत होता. मी ओरडले, "अरे, हॉर्न का नाही वाजवलास?"

तो म्हणाला, "ताई, हॉर्न कोणासाठी वाजवू? तुम्ही त्यांना हलवलंत ना!"

मला काही उमजेना. मग मावशींनी अॅम्ब्युलन्समध्ये सांगितलं. त्या वळणावर समोरचं काहीच दिसत नाही, डब्यांची भिंत आडवी येते. पण प्रत्येक फोर्कलिफ्टवाला तिथं आला की हळू होतो आणि झेब्र्यांना तीन हॉर्न देतो. अठरा वर्षं! पायी चालणारी माणसं तो हॉर्न ऐकून बाजूला होतात. 'हॉर्न वाजवा' अशी पाटीही आहे तिथं, मी नवी रंगवून घेतली होती. ती कोणी वाचतच नाही. हॉर्न पाटीसाठी नव्हताच, झेब्र्यांसाठी होता. ऑफिसनं झेब्रे उचलले तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, भिक्षूंना बोलावून आत्म्याला वाटेला लावलं असेल, आता सलाम कोणाला करायचा? आणि मावशी बिचाऱ्या हॉर्न आला नाही म्हणून बिनधास्त पुढे गेल्या.

मी गोदामातला एकमेव चालणारा सुरक्षा उपाय खोक्यात भरून पायाखाली ठेवला होता, मामा. त्यावर चपला काढून पाय ठेवून मी योजना लिहीत होते.

आता पुढचं ऐका. विचियेन साहेबांनी फॉर्म आणला. त्यावर लिहायचंय की मावशी घरी न्हाणीघरात घसरून पडल्या. "नेहमी हेच लिहितात," ते म्हणाले. "न्हाणीघर सगळ्यांकडे असतं." खाली सही माझी. म्हणजे सात हजार दिवस होतील, पंखे मिळतील, सहल जाईल.

मी तोंड उघडणार होते. पण हॉस्पिटलात गेले तर मावशीच माझा हात धरून म्हणतात, "कर गं सही. अख्ख्या गोदामाची सहल माझ्या एका पायासाठी बुडाली तर मी कोणाला तोंड दाखवू?" त्यांची मुलगी म्हणते सही नको. कामावरचं दुखणं म्हणून नोंद झाली नाही तर पुढे पायाला काही झालं, तर कंपनी ओळखही दाखवणार नाही. मावशी मुलीवर ओरडतात. प्रासित म्हणतो मला तुरुंगात टाका. साहेब म्हणतात सोमवारपर्यंत द्या.

ज्यांना लागलंय त्यांनाच ते लागलेलं नको आहे. मग मी कोण?

आणि मामा, तुम्हाला ठाऊक होतं. 'कारण विचारू नकोस' म्हणालात. आता विचारतेय.

कोळंबी

---

बान नोंग सेंग, १४ जुलै

कोळंबे,

तुझं पत्र वाचून तीन दिवस जेवण गेलं नाही.

सांगतो. पहिला झेब्रा मी ठेवला. १९९० साली. तेव्हा मी स्वतः फोर्कलिफ्ट चालवायचो. ते वळण वाईट आहे हे मला दिसत होतं. मी साहेबांच्या मागे लागून 'हॉर्न वाजवा' पाटी लावून घेतली. महिनाभर एकानं वाजवला नाही. मी सांगितलं, हसले. ओरडलो, जास्त हसले. मग मी बाजारातून चुन्याचा एक घोडा आणला आणि हार घालून ठेवून दिला. कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून गोदाम तीन-तीन हॉर्न देऊ लागलं. आपल्या माणसांना साहेबाची भीती वाटत नाही, आत्म्याची वाटते. मी काय करू?

तिथं कोणी गेलं नव्हतं. कोणाला लागलंही नव्हतं. मी नुसता धोका ओळखून ठेवला, एवढंच.

आधीच तुला सांगायला हवं होतं. बैल गेला आणि झोपा केला, तशी गत झाली माझी. झेब्रे आजच्या आज परत ठेव.

फॉर्मचं विचारतेस. साहेब म्हणतात तशी सही करून टाक. उबोन स्वतःच म्हणतेय ना? सगळे सुखात राहतील. ज्याचं त्याला सोसतं.

मला याबद्दल पुन्हा लिहू नकोस.

मामा

---

बांग फ्ली, २१ जुलै

मामा,

पुन्हा लिहितेय. रागवा.

झेब्रे लगेच परत ठेवायचं ठरवलं होतं. पण ते असे गुपचूप उचलून गुपचूप ठेवणं मला बरं वाटेना. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ते खोकं मी कॅन्टीनमध्ये टेबलावर ठेवलं, नऊ उदबत्त्या लावल्या (बाहेर अंगणात, खोक्यांपासून लांब), सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून झेब्र्यांची माफी मागितली आणि म्हटलं, "मी काही विचारणार नाही. ज्याचा जो असेल त्यानं तो आपल्या हातानं जागेवर नेऊन ठेवावा."

सगळे आपापल्या ताटात बघत बसले. मला वाटलं, फजिती झाली. मग भट्टीवरची कॅन्टीनवाली हात पुसत आली. खोक्यातून एक उचलला. "हा माझ्या नवऱ्याचा. पूर आला त्या वर्षीचा. बरगडी मोडली होती. आम्ही झाडावरून पडला म्हणून सांगितलं." आणि त्याला पोटाशी धरून चालू लागली.

मग रांगच लागली. "हा माझा. गुडघा." "हा सोम्फोंगचा. तो अंगठा घालवून गावी गेला, मी त्याच्या वतीनं ठेवला होता." "हा माझा, पण मला काही झालं नाही ताई, मालाचं लाकडी पॅलेट कानाजवळून गेलं आणि मी घरी जाऊन दोन दिवस झोपून राहिलो." प्रासितनंही एक उचलला. दोन वर्षांपूर्वी तो स्वतः तिथं चिरडता चिरडता वाचला होता. सगळ्यांनी हूं की चूं न करता झेब्रे आणून ठेवले होते, मामा. वही कोरी आणि खांबापाशी नऊ झेब्रे! खरी नोंदवही ती होती. मी ती वाचली नाही, उलट बंदी घातली.

मी कागद पुढे ओढून लिहीत गेले. तारखा कोणालाच नीट आठवत नव्हत्या, पण कोणाचं लग्न, कोणाचं बारसं असं धरून धरून लागल्या. आठ झाले.

नववा उरला. सगळ्यात लहान. एक कान तुटलेला. तो झेब्राच नाही, पांढरा घोडा आहे. त्यावर पट्टे कोणीतरी हातानं ओढलेत, खोक्यांवर शिक्के मारायच्या आपल्या काळ्या शाईनं. पट्टे वाकडे आहेत. शेपटीलाही पट्टे काढलेत.

हा कोणी उचलला नाही. सगळ्यांत जुनी कॅन्टीनवालीच, तिनं माझ्याकडे बघितलं, मग घोड्याकडे, आणि म्हणाली, "हा आमच्या कोणाचा नाही. तुझ्या मामाला विचार."

हा तुमचा, हे मला समजलं. पण तुम्ही म्हणता कोणाला लागलं नव्हतं. नुसता धोका दिसला म्हणून माणूस शेपटीला पट्टे काढत बसतो का?

फॉर्म अजून माझ्या खणात आहे. साहेबांना मी दोनदा ताप आल्याचं सांगितलं. आता ३१ च्या आधी दिलाच पाहिजे. सही केली तर मावशी खूश, गोदाम खूश, साहेब खूश, तुम्ही खूश. नाही केली तर नव्वद माणसांचे पंखे आणि समुद्र माझ्यामुळे गेला, आणि कदाचित माझी नोकरीही. आणि तरी पेन उचलत नाही. तुमचं ऐकावं की नाही, हेही कळत नाही. मला काहीच कळत नाही मामा. योजनेचं पान अजून कोरं आहे.

कोळंबी

---

बान नोंग सेंग, २६ जुलै

कोळंबी,

मी मामी लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

तुझी पत्रं मामा मला मोठ्यानं वाचून दाखवतात. हे शेवटचं अर्ध्यात थांबवलं. मी विचारलं पुढे काय. म्हणाले, "काही नाही, पाऊसपाणी." आमची कोळंबी पाऊसपाण्याबद्दल कधी लिहिते? ते खत आणायला बाजारात गेले तेव्हा मी चष्मा शोधला. तांदळाच्या डब्यात होता. सगळी पत्रं पहिल्यापासून वाचली. दोन तास लागले.

तो घोडा माझा.

तुला आठवत नसेल, मी तिथं खोक्यांना चिकटपट्टी लावायचे. सोंगक्रानची, नव्या वर्षाची सुट्टी संपवून आम्ही परत आलो त्याच्या चौथ्या दिवसाची गोष्ट. सातव्या खांबाच्या वळणावर फोर्कलिफ्ट आली, मी पट्टीची गुंडाळी उचलायला वाकले होते. डावा घोटा गेला. फोर्कलिफ्टवर तुझे मामा होते.

त्यांना शिव्या देऊ नकोस. ते मला उचलून तसेच ऑफिसकडे निघाले होते. मीच त्यांचं तोंड दाबलं. तेव्हा फलक नवा होता. तीनशे पासष्ट दिवस झाले की प्रत्येकाला विजेचा भाताचा कुकर मिळणार होता. चाळीस-एक दिवस उरले होते. साठ बायका रोज येता-जाता तो आकडा बघायच्या. मी म्हटलं, माझ्या एका पायासाठी साठ जणींचा कुकर कसा घालवू? आणि तुमची नोकरी? न्हाणीघरात पडले म्हणून सांगा. न्हाणीघर मीच शोधून काढलं बरं का, तुझ्या साहेबांनी नाही.

सगळ्यांना माहीत होतं. सगळ्या माझ्याशी फार गोड वागल्या. कोणी विषय काढला नाही. कुकर मिळाला. त्यात मिरचीचं बी आहे.

मला तेव्हा वाटलं मी फार मोठेपणा केला. आता तुझं पत्र वाचून हिशोब लागला. मी गप्प बसले म्हणून ती डब्यांची भिंत कोणी हलवली नाही. मग बरगडी, गुडघा, अंगठा. ही सगळी माझ्या मोठेपणाची पिल्लं, आणि आता उबोन. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, बाई.

उबोनला माझं नाव घेऊन सांग. तिला म्हणावं, सहलीला गेलेली माणसं दोन दिवसांत परत येतात, पाय येत नाही. पहिली दोन वर्षं सगळे 'बिचारी' म्हणतात. मग विसरतात. मग तू एकटीच जिना मोजत चढतेस, आणि दरवर्षी कोणीतरी भाची विचारते, न्हाणीघराला खडबडीत फरशी का नाही घालत. त्या भाचीला मी काय सांगू?

तुझ्या कोऱ्या वहीत पहिल्या ओळीत लिही. नाव सायजाय. काम, पट्टी लावणे. डावा घोटा. एप्रिल १९९०. कारण, वळणावर दिसत नाही आणि हॉर्न नाही. एवढं लिहून झालं की मग तुझ्या सहीचं तूच बघ. तुला काय करायचं ते मी सांगणार नाही, तू हेल्मेटवाली आहेस.

मामा बाजारातून आले तेव्हा मी दारातच बसले होते. म्हटलं, "मेलेल्या माणसासाठी ठेवतात तो. मी जिवंत असताना माझ्या नावानं झेब्रा मांडलात?" त्यांनी खताचं पोतं उतरवलं. सायकल भिंतीला लावली, ती पडली, पुन्हा लावली. मग म्हणाले, "बाजारात झेब्रे संपले होते. घोडाच उरला होता. म्हणून पट्टे काढले."

अठरा वर्षं मला हे माहीत नव्हतं, कोळंबी. रोज जाता-येता मला तीन हॉर्न देत होता तो माणूस.

घोडा मला पाठवून दे. ज्या न्हाणीघरात मी अठरा वर्षं पडतेय, तिथं ठेवीन.

सायजाय

खाली मामांनी सही केली आहे, साक्षीदार म्हणून. वाकडी आहे पण खरी आहे.

थोंगबाय

---

बांग फ्ली, ६ ऑगस्ट

मामी,

घोडा वेगळ्या पार्सलनं येतोय, भाताच्या तुसात गुंडाळून. दुसरा कान तुटला तर पोस्टाला बोल, मला नको.

तुझं पत्र ३० तारखेला मिळालं. मी ते घेऊन हॉस्पिटलात गेले आणि उबोन मावशींना वाचून दाखवलं. त्या पूर्ण वेळ छताकडे बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "कुकरला अठरा वर्षं झाली?" मग म्हणाल्या, "लिही माझंही."

३१ ला पहाटे शिडी लावून मी फलक बदलला. सात हजार काढून सव्वीस लावले, मावशींच्या अपघातापासूनचे. वहीत तुझ्यापासून दहा ओळी आहेत. न्हाणीघराचा फॉर्म फाडला. विचियेन साहेब मला बघून पांढरे पडले, मग लाल. पाहुण्यांनी फलकाखाली उभं राहून फोटो काढला, आपसात बरंच बोलले, वही चाळली. चांगलं बोलले की वाईट, ते कोणी मला सांगितलं नाही. साहेब अजून माझ्याशी बोलत नाहीत. नोकरी आहे की गेली तेही माहीत नाही. रोज जाऊन टेबलाशी बसते, कोणी उठवत नाही.

सहल रद्द झाली. दोन दिवस कॅन्टीनमध्ये माझ्या ताटात कोणी मिरची वाढली नाही. मग कॅन्टीनवालीनं एवढी वाढली की डोळ्यांतून पाणी आलं. तो राग होता की माफी, हेही कळलं नाही.

डब्यांची भिंत चार हात मागे सरकली आहे. वळणावर मोठा गोल आरसा लावला आणि त्याच्याखाली झेब्रेही परत ठेवले. दोन्ही राहणार. प्रासित आरशात बघतो आणि हॉर्नही देतो. योजनेत झेब्रे कुठल्या सदरात दाखवायचे, असा प्रश्न आहे. पहिलं वर्ष लिहून झालं, दुसऱ्या वर्षात काय लिहायचं ते ठाऊक नाही. विचारत फिरतेय. आता लोक हसण्याआधी थोडा विचार करतात.

शनिवारी तीन नंबरच्या दारावरची हमाल बाई स्वतः चालत माझ्या टेबलाशी आली. बोटाला चिंधी. "ताई, पत्र्यानं कापलंय, लिहा." म्हणाली आणि तशीच उभी राहिली, मी लिहीपर्यंत. मग आम्ही दोघींनी शिडी धरली आणि फलक पुन्हा शून्यावर आणला. खाली माणसं जमली. एकानं शिडीचा पाय धरला.

मामांना सांग, आज फलकावर चार दिवस आहेत. चारही खरे.

कोळंबी